अख्खं पत्र, एका बैठकीत

३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत अनेक ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये बायबलमधल्या वचनांची कार्डं वाटतात. टोपलीत हात घालायचा, एक कार्ड उचलायचं, की वर्षभर ते वचन आपलं. कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला यिर्मया २९:११ येतंच. देवाच्या मनातले तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. तुम्हाला आशा आहे, भविष्य आहे. मग ते फ्रिजवर चिकटतं, डीपीवर जातं, बाप्तिस्म्याच्या केकवरसुद्धा दिसतं. वचन खरं आहे, देवाचं आहे. पण ते एका पत्रातलं एक वाक्य आहे आणि बाकीचं पत्र कार्डावर मावत नाही. बायबलमधलं अख्खं पत्र उपासनेत एका बैठकीत मोठ्याने वाचावं, एवढंच इथे सांगायचंय.

इ.स.पूर्व ५९७ मध्ये नबुखद्नेस्सर या बाबेलच्या राजाने यरुशलेमेतून तिथल्या राजासह बरेच लोक बाबेलला नेले. त्या बंदिवानांना यिर्मया संदेष्ट्याने हे पत्र पाठवलं. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात उभा राहून सांगतोय, दोन वर्षांत सगळं परत येईल. यिर्मया लिहितो, घरं बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्नं करा, ज्या नगरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. दहाव्या वचनात सत्तर वर्षांचा आकडा येतो आणि त्याला लागूनच अकरावं, आपलं कार्डवालं. ते पत्र कानांनी ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढ माणसांना परतीचा दिवस कधी दिसलाच नसणार. आपल्या हयातीत काहीही पालटलं नाही, तरी देव आपल्याला विसरलेला नाही, असं त्यांना सांगितलं जात होतं. नव्या वर्षात बढती मिळेल, या अर्थापेक्षा हे कितीतरी जड आहे. आणि दुखण्याच्या दिवसांत उपयोगी पडतं ते हेच.

कार्डांवर राग नाही. कार्ड उचलणाऱ्या माणसाला उरलेलं पत्र कधीच ऐकायला मिळत नाही, दुखणं तिथे आहे. यात एक विचित्र विसंगती आहे. पवित्र शास्त्र हाच अखेरचा अधिकार, असं सर्वांत ठासून सांगणाऱ्या आपल्या सुवार्तिक (इव्हँजेलिकल) मंडळ्यांच्या उपासनेत शास्त्राचं वाचन सर्वांत कमी असतं. चाळीस मिनिटं गाणी, दहा मिनिटं सूचना, पंचेचाळीस मिनिटं संदेश आणि संदेशाआधी वाचायला तीन-चार वचनं. तीही कधी कधी पाळकच घाईघाईने उरकतात. याउलट ज्यांना आपण ‘नुसती पुस्तकी उपासना’ म्हणून थोडं हिणवतो, त्या मंडळ्यांत दर रविवारी जुना करार, स्तोत्र, पत्र आणि शुभवर्तमान असे नेमलेले पाठ ठरल्याप्रमाणे वाचले जातात. नागपुरात १९७० साली उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली, तेव्हा महाराष्ट्रातल्या कितीतरी जुन्या मिशन मंडळ्या तिच्यात गेल्या. त्यांच्याकडे ही शिस्त अजून आहे. आपण सैद्धांतिक बोलण्यात पुढे आणि वाचनात मागे. हे कबूल करून मगच पुढचं बोलावं.

नव्या करारातली पत्रं मुळात ऐकण्यासाठीच लिहिली गेली. थेस्सलनीकाकरांना प्रेषित पौल शपथ घालून सांगतो की हे पत्र सगळ्या बंधूंना वाचून दाखवा. कलस्सैकरांना तो सांगतो, तुमच्यात वाचून झालं की लावदिकीयाच्या मंडळीतही वाचायची व्यवस्था करा आणि तिकडचं तुम्ही वाचा. प्रकटीकरणाच्या तिसऱ्याच वचनात वाचून दाखवणारा एक आहे आणि ऐकणारे अनेक. त्याहून किती आधी नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा शास्त्री पाणीवेशीसमोरच्या चौकात लाकडी मंचावर उभा राहून पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो, आणि लेवी ते समजावून देत लोकांत फिरतात. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर रोममध्ये जस्टिन मार्टर हा ख्रिस्ती लेखक सभेचं वर्णन लिहितो. तिथे प्रेषितांच्या आठवणी आणि संदेष्ट्यांचे लेख वेळ पुरेल तितके वाचले जात, आणि मग अध्यक्ष बोलत.

महाराष्ट्राच्या कानाला हा प्रकार नवा नाही. गावोगाव ज्ञानेश्वरीचं सात दिवसांचं पारायण होतं. पोथी एक, ऐकणारे पुष्कळ. नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन चर्चच्या दारातून आत आणलं आणि ते आत रुजलं. पोथी ऐकण्याची सवय मात्र चर्चच्या आत तितकीशी आली नाही. सुवार्तिक माणूस इथे एक शंका काढेल, आणि ती रास्त आहे: नुसत्या पठणानं पुण्य लागतं, असं आपण मानत नाही. मान्य. पण चांगल्या पारायणालाही निरूपणाची जोड असतेच, आणि एज्राच्या वाचनाचा शेवटही लोकांना अर्थ कळण्यात झाला. वाचन आणि निरूपण यांतलं वाचन गाळून आपण नुसतं निरूपण ठेवलंय.

पत्राचे तुकडे केव्हा पडले, हेही एकदा सांगायला हवं. अध्याय तेराव्या शतकाच्या आरंभीचे. पॅरिसला शिकवणाऱ्या आणि पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झालेल्या स्टीफन लँग्टनच्या नावावर ती विभागणी आहे. नव्या करारातले वचनांचे आजचे आकडे रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ साली घातले. पॅरिस ते लियाँ प्रवासात त्याने हे काम केलं, असं त्याच्या मुलाने लिहून ठेवलंय. घोडा चालताना की मुक्कामाच्या धर्मशाळेत, यावर लोक अजून वाद घालतात, आणि काही ठिकाणचे आकडे पाहिले की घोडाच खरा वाटतो. १ करिंथ ११:१ हे दहाव्या अध्यायाच्या शेवटचं वाक्य आहे. कलस्सै ४:१ मध्ये धन्यांना जे सांगितलंय ते दासांना सांगितलेल्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग, पण मध्ये अध्याय तुटतो. यशयातलं दुःख भोगणाऱ्या सेवकाचं गीत ५२:१३ ला सुरू होतं. आपण मात्र शुभ शुक्रवारी ५३:१ पासून वाचतो आणि ‘माझा सेवक उन्नत होईल’ ही सुरुवातच गाळतो.

आकड्यांपेक्षा मथळे जास्त घात करतात. आकडा निदान डोळा ओलांडून जातो. ठळक अक्षरातला मथळा आपण शास्त्रच समजून वाचतो. इफिस ५:२१ मध्ये पौल सर्वांना म्हणतो, ख्रिस्ताच्या भयात एकमेकांच्या अधीन असा. २२व्यात पत्नींना उद्देशून बोलणं सुरू होतं. बऱ्याच आवृत्त्यांत नेमका या दोन वचनांच्या मध्ये पतिपत्नींविषयीचा मथळा येतो. पण फार जुन्या काही ग्रीक हस्तलिखितांत २२व्या वचनाला स्वतःचं क्रियापदच नाही. ते २१व्यातून उचलावं लागतं. म्हणजे एका वाक्याच्या मधोमध भिंत घातली गेली. लग्नाच्या उपासनेत भिंतीच्या अलीकडचं वाचत नाहीत आणि पलीकडचंच वाचतात, आणि मग घरोघर त्यावरून जे बोललं जातं ते आपण सगळेच ऐकतो. पतीला पुढे जी तिपटीने मोठी आज्ञा आहे, ती तर बहुतेकदा जेवणाच्या घाईत बुडते.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते.

पहिल्यांदा फिलिप्पैकरांस पत्र घ्यावं. चार अध्याय, १०४ वचनं. सावकाश मोठ्याने वाचलं तर सोळा ते अठरा मिनिटं लागतात. बारा मिनिटांत संपलं तर वाचणारा पळतोय असं समजा. फिलेमोनाला लिहिलेलं पत्र २५ वचनांचं, तीन-चार मिनिटांचं. ते सोपं वाटतं, पण सवय नसलेली मंडळी ‘इतकंच?’ म्हणून बघत राहते. रोमकरांस पत्र ४३३ वचनांचं आहे, त्याला तास-सव्वा तास लागेल. त्याने सुरुवात करू नये. पुन्हा कुणी हा विषय काढू देणार नाही.

मजकूर वेगळा छापून घ्यावा. आकडे काढा, मथळे काढा, परिच्छेद अर्थाप्रमाणे पाडा. अक्षर १६ पॉइंटचं, दोन ओळींत अंतर, कागदाच्या एकाच बाजूला. पान संपेल तिथे वाक्यही संपलं पाहिजे, नाहीतर वाचणारा पान उलटेपर्यंत पौल अधांतरी राहतो. पानं स्टेपल करू नका, माइकमध्ये त्यांचा खरखराट येतो. एक पान बाजूला सरकवून पुढचं घ्यावं.

भाषांतर निवडताना भक्तीपेक्षा कानाला विचारावं. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून इब्री-ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणलं, ते याच चिंतेपोटी: संस्कृतप्रचुर मराठी खेड्यातल्या बायकांच्या कानावरून जात होती. १९२२ साली मृत्यूच्या थोडं आधी त्यांनी काम पुरं केलं आणि १९२४ साली ते मुक्तीच्याच छापखान्यातून निघालं. इतक्या विदुषीने अवघड शब्द टाळायला आयुष्याची अखेरची वर्षं घालवली, हे ‘भारदस्त भाषेशिवाय उपासना वाटत नाही’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. मंडळीला सवयीची आवृत्ती हवी असेल तर तीच घ्या. पण एकच घ्या, आणि आधी एखाद्या आजीला एक पान वाचून दाखवा. तिने जिथे भुवई उंचावली तिथे खूण करा. तिथे वाचणाऱ्याने वेग कमी करायचा.

वाचणारे तीन पुरेत, त्यांत निदान एक बाई असावी. फिलिप्पैचे सांधे असे: १:१ ते २:१८, मग २:१९ ते ४:१, मग ४:२ पासून शेवटपर्यंत. भाग सारखे होत नाहीत, ४८, ३४ आणि २२ वचनांचे होतात. होऊ द्यात. समान वाटणीच्या हट्टापायी अर्थ कापला जातो. प्रत्येकाने आपला भाग घरी चार-पाच वेळा मोठ्याने वाचावा आणि शनिवारी एकदा चर्चमध्ये, माइकवर, पंखे चालू ठेवून. मराठी वाक्याचं क्रियापद शेवटी येतं आणि पौलाची वाक्यं लांब असतात, म्हणून प्रत्येक लांब वाक्याच्या क्रियापदाखाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवायची. कुठे पोचायचंय हे डोळ्याला आधी दिसलं की श्वास बरोबर जागी घेतला जातो. एपफ्रदीत, युवदीया, सुंतुखे ही नावं दहा-दहा वेळा म्हणून घ्यावीत. नावावर अडखळलेला वाचक पुढची दोन वाक्यं लाजेत वाचतो.

वाचनाआधी फक्त तीन वाक्यं. पौल कैदेत आहे. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती त्याला मदत पाठवली होती. एपफ्रदीत आता परत निघालाय आणि हे पत्र त्याच्याबरोबर आलंय. बस्स. यापुढे एक शब्द बोललात तर तो संदेश होतो.

आणि मंडळीला सांगायचं, पवित्र शास्त्रं आणि फोन मिटून ठेवा. इथे हमखास कुणीतरी पौलाचा संदेश ऐकणाऱ्या बिरुया गावच्या लोकांची आठवण काढतो: ते रोज शास्त्र शोधून पाहत, मग आम्ही का मिटायचं? शोधा ना, संध्याकाळी घरी बसून शोधा. पण वाचन चालू असताना प्रत्येकाच्या हातात वेगळी आवृत्ती असली की माणूस ऐकत नाही, ताडून बघत बसतो. शेजारच्याला बोट दाखवून ‘आमच्यात असं नाही’ हेही सुरू होतं.

एवढं करून काय मिळतं? फिलिप्पै ४:१३ घ्या, म्हणजे सामर्थ्य देणाऱ्याच्या योगे मी सर्व काही करू शकतो, हे. परीक्षेच्या हॉलतिकिटापासून जिमच्या भिंतीपर्यंत ते चिकटलेलं असतं. अखंड पत्र ऐकताना ते पावतीच्या मजकुरात येतं. पौल मदत मिळाल्याबद्दल आभार मानतोय, आणि मानता मानता सांगतोय की मी पोटभर जेवायला शिकलो तसा उपाशी राहायलाही शिकलोय. ‘सर्व काही’ म्हणजे हे दोन्ही. लगेच पुढे तो म्हणतो की तरी तुम्ही माझ्या संकटात भागीदार झालात हे चांगलं केलंत; मी थेस्सलनीकात होतो तेव्हाही तुम्ही एकदा-दोनदा पाठवलं होतं. पैशाचं बोलताना न लाजणारा आणि न लाचावणारा हा सूर एकट्या वचनात ऐकूच येत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. दुसऱ्या अध्यायातल्या ख्रिस्ताच्या नम्रतेच्या ओळींवर, देवाच्या स्वरूपाचा असूनही त्याने स्वतःला रिक्त केलं या भागावर, ईश्वरविज्ञानाची कपाटंच्या कपाटं लिहिली गेली. ती हवीतच. पण पौल तिथवर येतो तो ‘एकचित्त व्हा, दुसऱ्याला आपल्यापेक्षा श्रेष्ठ माना’ हे सांगत. मग पौलाचा सहकारी तीमथ्य येतो, जो स्वतःचं पाहत नाही. एपफ्रदीत येतो, जो सेवेपायी मरता मरता वाचला. पौल स्वतःची वंशावळ आणि कमाई केरात टाकतो. आणि चौथ्या अध्यायाच्या दुसऱ्या वचनात दोन नावं उच्चारली जातात: युवदीया आणि सुंतुखे, एकचित्त व्हा. दोघी सुवार्तेसाठी पौलाबरोबर झटलेल्या. म्हणजे कालच्या नव्हेत, मंडळीच्या खांबांपैकी. पत्र वाचलं गेलं तेव्हा त्या बहुधा सभेतच असाव्यात, तीन अध्याय मान डोलावत ऐकलेल्या. आता नाव घेतल्यावर कुठे बघणार? ख्रिस्ताच्या अवताराचं सर्वांत उंच वर्णन दोन बायांच्या बिघडलेल्या बोलण्यापर्यंत आणून सोडलेलं आहे. तुकड्यातुकड्याने शिकवलं की अवतार ईश्वरविज्ञानाच्या वर्गात राहतो आणि युवदीया-सुंतुखे महिला मंडळाच्या सभेत. एकदा सलग ऐकलं की महिला मंडळाला सुनावण्याची सोय जाते, कारण तोवर वडीलजनांच्या समितीतली दोन-तीन नावंही प्रत्येकाच्या मनात येऊन गेलेली असतात.

त्या दिवशी संदेश दहा मिनिटांचा ठेवावा. पाळकांना हे सर्वांत जड जातं. पुढचे चार रविवार एकेका भागावर सविस्तर बोलायला मिळणारच आहेत, आणि शेवटच्या रविवारी पत्र पुन्हा सबंध वाचायचं. हे दुसरं वाचन सोडू नये. पहिल्यात लोकांना गोष्ट कळते. दुसऱ्यात पहिल्या अध्यायातल्या ‘सुवार्तेतली सहभागिता’ या शब्दांशी शेवटची पैशाची पावती आपोआप जोडली जाते.

कुठे फसतं तेही पाहा. नाट्यवाचन करणारा तरुण उभा केला की लोक त्याला ऐकतात, पत्राला नाही. मध्येच गीत घातलं की धागा तुटतो. गीत आधी घ्या किंवा नंतर. एक वचन पाळक आणि एक मंडळी ही पद्धत स्तोत्रांना शोभते, कारण स्तोत्राची ओळच दोन अंगांची असते. पत्रातल्या युक्तिवादाचे मात्र त्यात तुकडे होतात. मुलांना रविवारशाळेत पाठवून देऊ नये. त्यांना सांगावं, ‘आनंद’ ऐकू आला की एक बोट मिटायचं. दोन्ही हातांची बोटं संपतात, आणि कैदेतला माणूस इतक्यांदा आनंद का म्हणतो, हा प्रश्न घरी जाताना तीच विचारतात.

घरगुती प्रार्थनासभेत वेगळाच रोग आहे. गोल करून बसायचं आणि प्रत्येकाने एकेक वचन वाचायचं. सर्वांना भाग मिळावा हा हेतू चांगला, पण घडतं असं, की माणूस आपल्या आधी किती जण आहेत ते मोजतो, आपलं वचन शोधून मनात दोनदा वाचतो आणि पाळी येईपर्यंत बहिरा असतो. पाळी गेली की सुटका झाल्यासारखा सैल बसतो. ज्याला वाचायला अडखळायला होतं त्याची अवस्था तर विचारू नका. काही जण चष्मा विसरल्याचं निमित्त करतात, आणि पुढच्या गुरुवारी येतच नाहीत. त्यापेक्षा दोघांनी सगळं वाचावं आणि बाकीच्यांनी ऐकावं. मग ‘कुठलं वचन मनाला भिडलं’ हा प्रश्न त्या दिवसापुरता बाजूला ठेवावा, कारण त्याचं उत्तर न ऐकताही देता येतं. विचारावं: हे पत्र आणलं कुणी? लिहिणाऱ्याला नेमकं काय हवंय? कुणाचं नाव ऐकल्यावर घरात चुळबुळ झाली असेल? अडखळत वाचणारी माणसं या प्रश्नांची उत्तरं अनेकदा सर्वांत आधी देतात.

फिलिप्पै झालं की याकोब १०८ वचनांचं, १ पेत्र १०५, गलती १४९. सगळी वीस मिनिटांच्या आसपास. पहिलं करिंथ एका बैठकीत झेपत नाही. सातव्या अध्यायाच्या पहिल्या वचनावर तोडावं, तिथे पौल स्वतःच ‘तुम्ही जे लिहून विचारलं होतं’ म्हणून नव्या विषयाकडे वळतो. इब्री लोकांस पत्र ३०३ वचनांचं आहे, त्याला पाऊण तास लागतो. त्याचा लेखक शेवटी विनवतो की हे बोधवचन सहन करून घ्या, मी थोडक्यातच लिहिलंय. उपासनेत इतका वेळ कुठून काढायचा, असं विचारणाऱ्या पाळकांनी गेल्या रविवारचा आपला संदेश किती मिनिटं चालला, ते रेकॉर्डिंगवर एकदा पाहून यावं.